आऊटलेटला पाणी नितळ, मग खाली ओढ्याला वास का येतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. तुमच्या घराजवळ साधारण २० एमएलडीचा एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणारा प्लांट आहे. त्याच्या आऊटलेटचं पाणी नितळ दिसतं, फाटकावरच्या बोर्डावर बीओडी १२ लिहिलेला असतो. तरीही दोन-तीन किलोमीटर खाली ओढ्याला वास येतो, कडक उन्हाच्या दिवसांत पाणी हिरवं पडतं आणि पहिल्या मोठ्या पावसाला मासे मरून वर येतात. तेव्हा प्लांट ओढ्याला वाचवतो म्हणजे नेमकं काय करतो, असं तुम्ही विचारलंय.

यात खरं तर दोन प्रश्न आहेत. प्लांट नीट चालतो का, हा एक. आणि नीट चालणाऱ्या प्लांटचं पाणीसुद्धा त्या ओढ्याला झेपतं का, हा दुसरा. वाद होतो तो पहिल्यावर, दुसरा सहसा कोणी विचारतच नाही. मी तुमचा ओढा पाहिलेला नाही. कोरड्या दिवसांत त्याला वरून किती पाणी असतं, पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून येतं की वेगवेगळ्या, वरच्या अंगाला आणखी कुठले नाले मिळतात, प्लांटमध्ये अमोनिया काढायची सोय आहे का, या चार गोष्टींवर उत्तर बरंच बदलेल. त्यामुळे दोष कोणाचा हे मी सांगणार नाही. आम्ही प्लांट चालवणारे कसा विचार करतो आणि तुम्ही कुठे बघायला हवं, तेवढं सांगतो.

सुरुवात बीओडीपासून. हा आकडा घाणीचं वजन सांगत नाही. ती घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, ते सांगतो. थोडक्यात ते पाण्यावरचं कर्ज आहे. प्लांटमध्ये ब्लोअरने (हवा फुंकणाऱ्या यंत्राने) ते फेडलं नाही, तर पुढे ओढ्याला फेडावं लागतं. आता हिशोब करा. २० एमएलडी म्हणजे रोज २ कोटी लिटर. आत येणाऱ्या मैलापाण्याचा बीओडी २०० मिलिग्रॅम प्रति लिटर धरला, तर रोज ४,००० किलो ऑक्सिजनची मागणी आत येते. २५ अंश तापमानाला पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे एक लिटर कच्चं मैलापाणी स्वच्छ पाण्यात सोडलं, तर ते २५ लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. बहुतेक मासे ४-५ मिलिग्रॅमच्या खाली त्रासात असतात. प्लांटने ९५ टक्के बीओडी काढला, तर ओढ्याकडे ४,००० ऐवजी २०० किलो जातात. हे काम मोठं आहे, आणि जवळपास सगळं जिवाणू करतात. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. मैलापाण्यात हवा सोडत राहायची, तयार झालेला जिवाणूंचा गाळ खाली बसू द्यायचा आणि तोच पुन्हा नव्या मैलापाण्यात मिसळायचा. आजच्या बऱ्याच मध्यम प्लांटांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

वास आऊटलेटपाशी न येता खाली का येतो, याचं उत्तरही ऑक्सिजनच्याच हिशोबात आहे. ओढ्यात गेलेली घाण लगेच खाल्ली जात नाही, त्याला तास आणि दिवस लागतात. पाणी वाहत असताना एकीकडे जिवाणू ऑक्सिजन खातात, दुसरीकडे हवेतून तो पाण्यात मिसळत राहतो. सुरुवातीला खाण्याचा वेग जास्त असतो, म्हणून ऑक्सिजन घसरत जातो, एका जागी तळ गाठतो आणि मग सावरतो. अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये याचं गणित बसवलं. त्यावरून एवढं लक्षात ठेवा: सगळ्यात वाईट जागा आऊटलेटपासून पुढे असते, आणि ती किती पुढे हे वेग, खोली आणि तापमान ठरवतं. ओढा संथ असेल, त्यात डबकी असतील, तर तुमची दोन-तीन किलोमीटरवरची जागा नेमकी तीच असू शकते. ऑक्सिजन संपला की तळचे जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांसारखा जो वास येतो, तो याचाच.

पण बोर्डावर १२ असताना एवढं कर्ज येतं कुठून? माझा पहिला संशय अमोनियावर आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मैलापाण्यातला नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. नायट्रिफायर नावाचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यासाठी एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. समजा तुमच्या प्लांटमधून २५ मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया-नायट्रोजन बाहेर पडतोय. त्याची ऑक्सिजनची मागणी होते ११४. बोर्डावर १२ आणि पाण्यात लपलेले ११४! पाच दिवसांच्या बीओडी चाचणीत ही मागणी बहुतेक वेळा दिसत नाही. नायट्रिफायर सावकाश वाढतात, शिवाय अनेक लॅबमध्ये त्यांना रोखणारं रसायन घालूनच चाचणी करतात. त्यात फसवणूक काहीच नाही, ती चाचणीच कार्बनी घाणीसाठी आहे. पण ओढ्यात ते रसायन नसतं. तिथे तळच्या दगडांवर नायट्रिफायर बसलेले असतात आणि ते आपलं काम करतात. शिवाय अमोनियाला रंग नाही, तो पाणी गढूळ करत नाही. त्यामुळे नितळपणा बघून त्याचा अंदाज येणं शक्यच नाही.

त्यात अमोनिया विषारीही आहे, आणि किती विषारी ते पाण्याच्या पीएचवर ठरतं. माशांना मारतो तो आयन न झालेला अमोनिया. २५ अंशांना आणि ७.२ पीएचला त्याचं प्रमाण एकूण अमोनियाच्या १ टक्क्याहून कमी असतं, ८.५ पीएचला ते सुमारे १५ टक्के होतं. आता तुमचं हिरवं पाणी आठवा. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी पीएच चढतो. प्लांटच्या दारात निरुपद्रवी वाटणारा तोच अमोनिया, तितकाच असूनही, दुपारी तीनला खालच्या डबक्यात घातक होतो. रात्री उलटं होतं. शेवाळ ऑक्सिजन देणं थांबवतं आणि स्वतःच श्वसनासाठी घ्यायला लागतं, म्हणून पहाटे ऑक्सिजन तळाला जातो. एकाच जागी दुपारी विष आणि पहाटे गुदमरणं, असा चोवीस तासांचा फेरा मासे सोसतात. आणि प्लांटचा नमुना बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारास घेतला जातो.

अमोनिया काढणं अवघड नाही, पण त्याला शिस्त लागते. नायट्रिफायर सावकाश वाढतात, म्हणून गाळ एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीत, पुरेसे दिवस राहायला हवा. यालाच आम्ही गाळाचं वय म्हणतो. नुसता बीओडी काढायला तीन-चार दिवसांचं वय चालून जातं. नायट्रिफिकेशनसाठी, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करण्यासाठी, उबदार पाण्यात त्याहून बरंच जास्त ठेवावं लागतं आणि थंडीत ते आणखी वाढवावं लागतं. टँकमध्ये डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, २ मिलिग्रॅमच्या आसपास टिकवावा लागतो. अल्कलिनिटीही (आम्ल पेलण्याची पाण्याची ताकद) बघावी लागते, कारण एक ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम खर्च होते आणि ती संपली की पीएच कोसळून सगळं थांबतं. पुढे हवेविना एक कप्पा ठेवला, तर तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू सोडून देतात आणि निम्मी अल्कलिनिटी परत मिळते. नव्या प्लांटचं डिझाइन माझ्या हातात असेल, तर असा कप्पा मी सोडणार नाही. तो नसला की हेच काम क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसू देणाऱ्या टाकीच्या) तळाशी नको तेव्हा होतं आणि वायूच्या बुडबुड्यांसोबत गाळाचे गोळे वर तरंगतात.

ब्लोअर हा प्लांटमधला सगळ्यात मोठा वीज खाणारा भाग, अनेक ठिकाणी निम्म्याहून जास्त वीज तिथेच जाते. त्यामुळे बिल कमी करायचं म्हटलं की हात आधी तिकडे जातो. हवा थोडी कमी केली, तर बीओडी लगेच बिघडत नाही, पण अमोनिया बिघडतो. जिथे अमोनिया रोज मोजतच नाहीत, तिथे हे कळतही नाही. म्हणून कोणत्याही प्लांटबद्दल बीओडीच्या आधी मी अमोनियाचा आकडा विचारतो.

फॉस्फरसबद्दल थोडक्यात. हिरवं पडण्यामागे बहुतेक गोड्या पाण्यात तोच लगाम असतो. शेवाळाच्या पेशीत फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू, असं ढोबळ प्रमाण आहे. म्हणजे थोडासा फॉस्फरस खूप शेवाळ पोसतो. तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालून तो गाळात उतरवता येतो, जिवाणूंकडूनही काढून घेता येतो. पण वरच्या अंगाला शेतांतून खत वाहून येत असेल, तर एकट्या प्लांटने पाणी हिरवं पडायचं थांबणार नाही.

आता पाऊस आणि मेलेले मासे. प्लांटचं वर्षाचं सरासरी काम ओढ्याला कळत नाही, त्याला सगळ्यात वाईट तास कळतात. मघाचा हिशोब पुन्हा घ्या. चांगल्या दिवशी २०० किलो जातात. एक दिवस पूर्ण बायपास झाला, म्हणजे मैलापाणी प्रक्रिया न होताच गेलं, तर ४,००० किलो, म्हणजे वीस चांगल्या दिवसांचं एका दिवसात. वर्षाच्या सरासरीत हा दिवस जेमतेम दिसतो, पण त्या दिवशी मेलेले मासे पुढच्या चांगल्या दिवसांनी परत येत नाहीत.

पहिल्या पावसात तीन गोष्टी एकदम होतात. गटारांत कोरड्या दिवसांत साचून सडलेला गाळ धुऊन येतो. ओढ्याच्या तळाचा काळा चिखल ढवळला जातो आणि एका झटक्यात ऑक्सिजन खातो. आणि प्लांटकडे येणारा प्रवाह दुपटी-तिपटीने वाढतो. पहिल्या दोन गोष्टी प्लांटच्या हाताबाहेरच्या आहेत, तिसऱ्यावर मात्र प्लांट चालवणाऱ्याची कसोटी लागते.

तुमच्या आकाराच्या प्लांटमध्ये एरेशन टँक सहा तासांचा धरला तर ५,००० घनमीटर होतो. त्यात लिटरमागे ३ ग्रॅम गाळ असेल, तर एकूण १५ टन जिवाणूंचा गाळ तिथे असतो. प्रवाह वाढला की हा गाळ क्लॅरिफायरकडे सरकतो, तिथली गाळाची पातळी चढते आणि शेवटी तो कडेवरून सांडतो. एक तृतीयांश जरी गेला तरी ५ टन. एवढे घन पदार्थ तर प्लांटमध्ये दिवसभरात कच्च्या मैलापाण्यातून येतात. वर ज्यांनी पुढचे दिवस काम करायचं, तेच जिवाणू गेले. बीओडी काही दिवसांत सावरतो, नायट्रिफिकेशन परत बसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

म्हणून मोठ्या पावसात आलेलं सगळं पाणी जैविक टप्प्यातून रेटायच्या मी विरोधात आहे. क्लॅरिफायरला झेपेल तेवढंच तिकडे न्यायचं. बाकीचं निदान जाळी, ग्रिट चेंबर (वाळू-खडी बसवणारा कप्पा) आणि प्राथमिक टाकी यांतून काढायचं, आणि पावसाळी टाकी असेल तर आधी ती भरून घ्यायची. स्टेप फीडची (मैलापाणी टँकमध्ये वेगवेगळ्या जागी सोडण्याची) सोय असेल तर मैलापाणी टँकच्या शेवटच्या भागात सोडायचं, म्हणजे सुरुवातीच्या भागातला दाट गाळ जागच्या जागी सुरक्षित राहतो. त्या काही तासांत बाहेर पडणारं पाणी वाईटच असतं, हे मी मान्य करतो. पण पाऊस थांबताच प्लांट पूर्ण ताकदीने कामाला लागतो. पावसाच्या आधी क्लॅरिफायरमधली गाळाची पातळी खाली आणून ठेवणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि त्याला लागतं फक्त आकाशाकडे लक्ष.

वीज जाणं हा दुसरा वाईट तास. हवा बंद झाली की एरेशन टँकमधला ऑक्सिजन मिनिटांत संपतो, तरी जिवाणू काही तास तग धरतात. खरा धोका रिटर्न स्लज पंप, म्हणजे बसलेला गाळ परत एरेशन टँकमध्ये नेणारा पंप, बंद पडण्याचा. गाळ क्लॅरिफायरमध्ये साचत जातो आणि आत मैलापाणी येतच राहतं. जनरेटर सगळ्याला पुरत नसेल, तर माझा क्रम ठरलेला आहे: इनलेट पंप, मग रिटर्न स्लज पंप, मग एक ब्लोअर. इनलेट पंप पहिला, कारण तो थांबला तर मैलापाणी पंपिंग स्टेशनवरूनच ओढ्यात उतरतं आणि प्लांटच्या बोर्डावर त्याची नोंदही होत नाही.

गाळाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. प्लांट घाण नाहीशी करत नाही. काही भाग वायू होऊन जातो, उरलेला गाळात जमा होतो. २० एमएलडीच्या प्लांटमध्ये रोज ढोबळमानाने ३-४ टन कोरडा गाळ तयार होतो. सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) काढून २० टक्के घनतेचा केला, तर तो १५-२० टन ओला गाळ होतो. हा रोज बाहेर गेलाच पाहिजे. सेंट्रिफ्यूज बंद, पॉलिमर (गाळ घट्ट करायचं रसायन) संपलं, गाळ टाकायला जागा नाही, असं काहीही झालं की गाळ टाक्यांत साचतो, आणि साचलेला गाळ आज ना उद्या क्लॅरिफायरच्या कडेवरून ओढ्यातच जातो. आऊटलेटचे आकडे सुंदर असतील आणि गाळाच्या गाड्यांची नोंद मात्र तुटपुंजी असेल, तर मी गाड्यांच्या नोंदीवर विश्वास ठेवतो. शिवाय डायजेस्टर (गाळ हवेविना कुजवायची टाकी) असलेल्या प्लांटमध्ये गाळातून पिळून निघालेलं पाणी अमोनियाने भरलेलं असतं. ते दिवसा, भर लोडच्या वेळी एकदम आत सोडलं की संध्याकाळी आऊटलेटचा अमोनिया चढतो. रात्री, प्रवाह कमी असताना, थोडं थोडं सोडलं तर तोच प्लांट ते पचवतो.

क्लोरिनचाही एक मुद्दा आहे. रोगजंतू मारायला तो चांगला, पण पाण्यात उरलेला क्लोरिन लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शातही माशांना त्रास देतो. सोडण्याआधी बायसल्फाइट घालून तो काढायला हवा किंवा यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, वापरायला हवेत. आऊटलेटच्या लगेच खाली दगड विचित्र स्वच्छ आणि निर्जीव दिसत असतील, तर मी आधी क्लोरिनबद्दल विचारेन.

आता दुसरा प्रश्न, ओढ्याला झेपतं का. ब्रिटनच्या मैलापाणी विषयक रॉयल कमिशनने १९१२ मध्ये बीओडी २० आणि घन पदार्थ ३० ही मर्यादा सुचवली, आणि जगभरातल्या अनेक नियमांवर तिची छाप आहे. तिच्यासोबत एक अट होती, ती बऱ्याचदा विसरली जाते: नदीत किमान आठपट पाणी हवं. नदीचा स्वतःचा बीओडी २ धरा. आठ भाग नदी आणि एक भाग २० बीओडीचं पाणी मिसळलं की मिश्रणाचा बीओडी बरोबर ४ येतो. त्यापुढे नदी बिघडते, असं त्यांचं निरीक्षण होतं. आता कोरड्या दिवसांत तुमच्या ओढ्यात प्लांटच्या पाण्याच्या निम्मंच पाणी असेल, तर मिश्रण १४ वर जातं. प्लांटने नियम पाळला, तरीही! अशा ओढ्यावर नेहमीची मर्यादा पुरत नाही. तिथे बीओडी ५ च्या आसपास, अमोनिया एक-दोन मिलिग्रॅम आणि फॉस्फरसवर वेगळी मर्यादा, असं काहीतरी लागतं. त्यासाठी फिल्टर, मोठा टँक आणि जास्त वीज लागते. हा निर्णय ऑपरेटरच्या हातातला नाही, तो परवाना देणाऱ्यांचा आणि पैसे देणाऱ्यांचा आहे.

इथवरचं एकत्र करतो. नितळ पाण्यात अमोनिया असू शकतो, सगळ्यात वाईट जागा आऊटलेटच्या पुढे असते, वाईट तास सरासरीत लपतात आणि मर्यादेला ओढ्यातल्या पाण्याची अट असते. तुमच्या ओढ्यात यातलं काय घडतंय, ते बऱ्याच अंशी तुम्हीच शोधू शकता.

एक साधा डीओ मीटर मिळवा. आऊटलेटच्या वर शंभर मीटर, लगेच खाली, एक किलोमीटरवर आणि वास येतो तिथे, अशा चार जागी उजाडायच्या आधी आणि दुपारी तीनला मोजा, सोबत पीएचही घ्या. दुपारी डीओ खूप चढलेला आणि पहाटे कोसळलेला दिसला, तर शेवाळाचा म्हणजे पोषक द्रव्यांचा प्रश्न. दोन्ही वेळा खालीच असेल, तर ऑक्सिजनची मागणी किंवा तळचा चिखल. आऊटलेटच्या वरच डीओ कमी असेल, तर आधी वरचे नाले शोधा. दगड उलटून बघा. मेफ्लायच्या (स्वच्छ पाण्यात राहणाऱ्या किड्याच्या) अळ्या वर आहेत आणि खाली नुसते लाल किडे, तर मधल्या पट्ट्यात काहीतरी बिघडतंय. दगडांवर कापसासारखे करडे धागे लोंबत असतील, तर ताजी सेंद्रिय घाण सतत येतेय, आणि मग बोर्डावरचा १२ कोणत्या वेळचा, हे विचारायलाच हवं.

प्लांटवर भांडायला जाऊ नका. तिथली माणसं बहुतेक वेळा मनापासून काम करत असतात, हातात असेल त्या साधनांवर. चार नोंदी मागा: रोजचा अमोनिया, बायपास आणि पंपिंग स्टेशनवरून ओसंडल्याच्या तारखा, गाळाच्या गाड्या, आणि नमुना एकाच वेळी घेतलेला आहे की चोवीस तासांत थोडा थोडा घेऊन एकत्र केलेला आहे. मासे मेले त्या तारखा बायपासच्या तारखांशेजारी मांडा. पहाटेचे आकडे आणि त्या नोंदी मिळाल्या की इथेच लिहा. त्यावरून प्लांटमध्ये काय बदलायला हवं आणि प्लांटच्या बाहेर काय, हे मला बऱ्याच खात्रीने सांगता येईल.